हल्ली मुक्काम

न्यूजर्सीतल्या दादाला एक दाखला हवा होता. तो शोधायला म्हणून निघाले आणि ईट, भूम, पंढरपूर करत पोचले थेट भोसरीत!

एक छोटीशी टेस्ट. तुमच्या पणजीचं नाव सांगा. म्हणजे वडिलांच्या आजीचं. वेळ दहा सेकंद. आईला फोन करायचा नाही, फॅमिली ग्रुपवर विचारायचं नाही.

नाही ना आलं? ऑफिसच्या लंच टेबलवर मी अकरा जणांना विचारलं. दोघांना आलं. त्यातल्या एकीचं नावच पणजीवरून ठेवलेलं, त्यामुळे तो मार्क द्यायचा की नाही यावर जाम वाद झाला. पणजोबांचं नाव मात्र सात जणांनी फटाफट सांगितलं. पणजी म्हटलं की सगळे छताकडे बघायला लागले.

आता दुसरी टेस्ट, सोपी. तुमच्या घरात १ जूनला वाढदिवस असलेले किती जण आहेत? मराठवाड्यातले असाल तर एक तरी नक्की निघेल. पूर्वी पोराला शाळेत घालताना गुरुजी जन्मतारीख विचारायचे. बाप सांगायचा, ‘आखाडात झालंय, लई पाऊस होता त्या साली.’ गुरुजी पोराकडे बघून अंदाजाने वर्ष ठरवायचे आणि पुढे ‘१ जून’ टाकून मोकळे व्हायचे. फेसबुकवर १ जूनला ‘हॅपी बर्थडे’ लिहून बोटं दुखतात ती त्यामुळे.

आमच्या काकांचा वाढदिवस १ जून १९५२ आणि काकूंचा १ जून १९५५. नवरा-बायको एकाच तारखेला कसे जन्मले, हा प्रश्न आमच्या घरात कधी कोणाला पडला नव्हता. तो पडला अमेरिकेतल्या एका वकिलीणबाईंना. आमचा दादा, म्हणजे काकांचा मुलगा, बरीच वर्षं न्यूजर्सीत आहे. आता तिथला सिटिझन झालाय आणि आई-बाबांना कायमचं तिकडे न्यायचं म्हणतोय. त्यासाठी दोघांचे जन्मदाखले पाहिजेत. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभरासाठीचा कायदाच झाला १९६९ मध्ये, तेव्हा १९५२ चा दाखला आणायचा कुठून? मग नियम असा की ‘दाखला उपलब्ध नाही’ असा दाखला आणायचा आणि सोबत जुने पुरावे, नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं जोडायची. थोडक्यात, दाखला नसल्याचा दाखला!

‘अगं, तू तिथेच आहेस ना, एक चक्कर मार,’ दादा म्हणाला. मी पुण्यात, म्हणजे न्यूजर्सीच्या हिशेबाने गावातच.

घरबसल्या तीन राज्यं

आमचं गाव ईट. बस्स, एवढंच. दोन अक्षरं. तालुका भूम, जिल्हा धाराशिव. इंग्रजीत लिहिल्यावर वकिलीणबाईंनी विचारलं, हे कशाचं शॉर्टफॉर्म आहे?

फॉर्ममध्ये ‘जन्मस्थळ’ या एका ओळीने आमचा अख्खा रविवार खाल्ला. काका जन्मले तेव्हा ईट हैदराबाद राज्यात होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. गाव तेच, घर तेच, अंगणातली चिंचही तीच, पण आठ वर्षांचे होईपर्यंत काकांनी घरबसल्या तीन राज्यं केली. जिल्ह्याचं तर आणखी. निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून पडलेलं उस्मानाबाद हे नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे धाराशिव झालं. काकांच्या पासपोर्टवर उस्मानाबाद, नव्या कागदांवर धाराशिव, आणि समुद्रापलीकडच्या कारकुनाला पटवायचं की दोन्ही एकच!

आजीची गोष्ट तर आणखी भारी. ती आता नव्वदीच्या घरात आहे, आमच्याकडे पुण्यात असते. तिच्या लहानपणी बार्शी हा दुसरा मुलुख होता. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजांकडे. आणि भूम-परंडा निजामाकडे. बैलगाडी घेऊन बार्शीच्या बाजाराला निघालं की वाटेत नाक्यावर जकात. निजामाचा रुपया वेगळा, त्याला ‘हाली’ म्हणायचे. सात हाली रुपये दिले की इंग्रजांचे सहा मिळायचे. आपण दुबईला जाताना करन्सी बदलतो, आजीचे वडील बार्शीला जाताना बदलायचे. बार्शीला १८९७ पासून छोटी रेल्वे होती, बार्शी लाइट. अडीच फुटांचा रूळ. ती कुर्डुवाडीला नेऊन सोडायची आणि तिथून मोठ्या गाडीने थेट मुंबई. गावातून जो कोणी ‘गेला’ तो आधी या खेळण्यातल्या गाडीत बसून गेला, असं आजी म्हणते.

५९० मिळवा!

भूमला जायचं म्हणजे पुण्याहून टेंभुर्णी, बार्शी करत जा. वाटेत खव्याच्या भट्ट्या दिसायला लागल्या की आलं समजा. या पट्ट्यातल्या कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ मध्ये जीआय टॅग मिळाला. (एक किलो घ्या, पण परत येताना घ्या. जाताना घेतलात तर तहसीलच्या बाकावरच संपतो. अनुभवाचे बोल.)

तहसीलच्या अभिलेख कक्षात जुनी कागदपत्रं लाल कापडात बांधून ठेवलेली असतात. त्या गाठोड्याला ‘रुमाल’ म्हणतात. रुमालात काय सापडेल याचा नेम नाही. निजामाच्या काळातले वरचे कागद उर्दूत, गावकीचे मराठीत, पण मोडी लिपीत. तारखा फसली सनात, महिन्यांची नावं बहमन, खुर्दाद, तीर अशी. पहिल्यांदा ‘सन १३५७’ वाचून मला वाटलं आपण एकदम बहामनी काळातला शोध लावला! शेजारी बसलेले निवृत्त कारकून हसले. ‘बाई, त्यात ५९० मिळवा.’ १३५७ अधिक ५९०, म्हणजे १९४७. तुमचं गाव जुन्या हैदराबाद राज्यात असेल तर हा फंडा लिहून ठेवा, कधी ना कधी कामाला येईल.

हल्ली या रुमालांना फार भाव आलाय. २०२३ मध्ये मराठा आंदोलनानंतर न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही, १९५१ चं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर, शाळांचे दाखले, सगळं उलटंपालटं करून झालं. समिती हैदराबादपर्यंत जाऊन आली. मोडी वाचणाऱ्या माणसांना एकदम मागणी आली. जी मंडळी कालपर्यंत ‘हे जुनं कशाला जपायचं’ म्हणत होती ती पणजोबांचं नाव शोधत रांगेत उभी होती. वंशावळ हा शब्द लग्नपत्रिकेतून निघून सरकारी फायलीत गेला.

काकांचं काम मात्र दोन चकरांत झालं. शाळेचा उतारा मिळाला, दाखला नसल्याचा दाखलाही मिळाला. मी तिथेच थांबायला हवं होतं. पण एकदा रुमाल सोडला की बांधवत नाही, वेब सिरीजसारखं होतं. म्हटलं, आपली वंशावळ काढूनच टाकू.

निघाली. सहा पिढ्या. आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा आणि त्यांच्यावरही तीन पुरुष. सगळे पुरुषच. जमिनीचा कागद बापाकडून मुलाकडे जातो, त्यामुळे झाडाला सगळ्या फांद्या बाप्यांच्या. १९५६ च्या वारसा कायद्यानंतर बाप गेल्यावर मुलींची नावं सातबाऱ्यावर यायला लागली. पण पुढच्या एक-दोन फेरफारांत ती गायब होतात. कारण ‘हक्कसोड’. आमच्या घरातल्या बायका सरकारी कागदावर आल्या त्या नाव काढून घेण्यापुरत्या! १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्य सरकारने आईचं नाव सक्तीचं केलंय, म्हणजे आणखी शंभर वर्षांनी शोधणाऱ्याला तरी बरे दिवस येतील.

आजीचं काम

मी लॅपटॉपवर ते झाड आजीला दाखवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘ह्यात धाकली कुटंय?’

धाकली म्हणजे तिची धाकटी बहीण. दोघी बहिणी ईटमध्येच दिलेल्या, दोन वेगळ्या घरांत, एकमेकींपासून दहा उंबरे लांब. १९७२ च्या दुष्काळात धाकली नवरा आणि लेकरं घेऊन गेली. कुठे? तर ‘पुण्या-मुंबईकडं’. सुरुवातीला दोन पोस्टकार्डं आली, कोणाकडून तरी लिहून घेतलेली. आजीला वाचता येत नाही, आजोबांनी वाचून दाखवली. मग काहीच नाही. पन्नास वर्षं!

‘तू सगळ्यांचं शोधती तर धाकलीचं काय झालं तेवढं बघ बाई.’

आजीचं पहिलं ‘जाणं’ हे नव्हतं. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या भीतीने सरहद्दीवरची कितीतरी घरं बार्शी-सोलापूरकडे निघून गेली होती. आजी तेव्हा दहा-बारा वर्षांची. काही महिने बार्शीत कोणाच्या तरी ओसरीवर काढले, मग १३ ते १७ सप्टेंबर १९४८ ची पोलीस अॅक्शन झाल्यावर परत आले. पण मग उलट्या दिशेने माणसं गेली. पोलीस अॅक्शननंतर मुसलमान वस्त्यांवर जे हल्ले झाले त्यांची पाहणी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली होती. सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत तिने उस्मानाबादचं नाव घेतलं. तो अहवाल लोकांना वाचायला मिळायला २०१३ उजाडलं. आजीच्या माहेरच्या आळीतलं एक घर तेव्हा हैदराबादला गेलं. त्या घरातल्या मुलीबरोबर सागरगोटे खेळल्याचं तिला आठवतं. त्यांचं पुढे काय झालं, हे तिला विचारणारं कोणी नव्हतं. आमच्या भागात सतरा सप्टेंबरला झेंडावंदन होतं, भाषणं होतात. या दुसऱ्या जाण्याबद्दल मी शाळेत एक ओळ ऐकली नाही.

तर धाकली. मी पुन्हा भूमला गेले आणि या वेळी तिच्या नवऱ्याच्या नावाने फेरफार बघितले. जानेवारी १९७३ ची एक नोंद सापडली. पावणेदोन एकर जमीन, खरेदीखताने. विकणारा धाकलीचा नवरा. घेणारे माझे आजोबा.

हे आमच्या घरात कोणी कधीच बोललं नव्हतं. रात्री आजीला विचारलं. ती बराच वेळ वाती वळत बसली. मग म्हणाली, ‘दुष्काळात कुणी कुणाचं इकत घ्यावं का? पण घेतलं.’ आणि थोड्या वेळाने, ‘तिनंच सांगितलं होतं म्हणा, परक्याला जाण्यापरीस दाजीला जाऊ द्या.’

बहात्तरचा दुष्काळ आपल्याला ऐकून माहीत असतो. खडी फोडायची कामं, सुकडी, अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी. त्यातूनच पुढे रोजगार हमी कायदा आला, १९७७ मध्ये. पण दुष्काळात जमीन कोणाकडून कोणाकडे गेली हे फेरफाराच्या वहीत असतं, आणि ती वही आपण आपल्याच आजोबांच्या नावापर्यंत वाचली की दुष्काळ हा इतिहासाचा धडा राहत नाही.

आता शोधायचं कसं? जमीन विकल्यावर सरकारी कागदात त्या घराचं नाव संपलं. गंमत बघा. मॉरिशसला गिरमिटिया म्हणून गेलेल्या मजुरांचे कागद शंभर-दीडशे वर्षांनीही सापडतात! १८३४ पासून पुढे साडेचार लाखांच्या आसपास माणसं तिथे उतरली. त्यात मुंबई बंदरातून गेलेले आपले कोकणातलेही होते. त्यांचं नाव, बापाचं नाव, वय, उंची, गाव, अंगावरची खूण हे सगळं लिहून घेतलेलं. पुढच्या काळातल्या अनेकांचे तर फोटोही आहेत. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत ही दफ्तरं ठेवलीत आणि मॉरिशसचे मराठी लोक तिथे जाऊन पणजोबांचा फोटो बघून येतात. गोऱ्या मालकाला मजुराची मालमत्ता म्हणून नोंद हवी होती, हे त्यामागचं कारण काही गोड नाही. पण नोंद राहिली. लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा सगळ्या मराठी चॅनेलांनी मालवण तालुक्यातलं वराड शोधून काढलं. २०१९ च्या डिसेंबरात ते स्वतःही तिथे जाऊन आले. आडनावातच पत्ता होता. आणि आमच्या भूम तालुक्यातून जो भाकरी बांधून पुण्याला चालत, एसटीने, ट्रकच्या मागे बसून गेला, त्याची नोंद घ्यायला कोणत्याही बंदरावर कारकून बसलेला नव्हता. आजही नाही. दिवाळीनंतर आमच्या भागातून कोयते निघतात. कोयता म्हणजे अवजार नाही, ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि पाच-सहा महिने कारखान्याच्या फडात राहायचं. त्यांच्यातली बाई कोणत्या साली कोणत्या फडात होती, हे तिची नात कुठे शोधणार आहे?

वहीतला माणूस

वाट आजीनेच दाखवली. ‘आमच्यात माणूस गेलं की पंढरपूरला नेत्यात. उपाध्याकडं इचार. त्यो सगळं लिव्हतो.’

खरं सांगायचं तर मी काही आशेने गेले नव्हते. तीर्थाच्या ठिकाणचे उपाध्ये यजमानांच्या वह्या ठेवतात हे ऐकून होते. त्र्यंबकेश्वरच्या वह्या प्रसिद्धच आहेत. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची अमेरिकेतल्या मॉर्मन मंडळींनी मायक्रोफिल्म काढून ठेवलीय म्हणे, दादाने मोठ्या कौतुकाने सांगितलं. पण प्रत्यक्ष बघताना धक्का बसतो. लांबट वह्या, कापडी पुठ्ठे. उपाध्येकाकांनी विचारलं, ‘गाव?’ ईट. ‘आडनाव?’ सांगितलं. चष्मा कपाळावरून खाली आला, पानं उलटली आणि साधारण चार मिनिटांत त्यांनी माझ्या पणजीच्या सासूचं नाव वाचून दाखवलं. तिच्या सासूचंही!

तहसीलच्या सहा पिढ्यांत एक बाई नव्हती, इथे प्रत्येक पुरुषाशेजारी त्याची बायको. कारण साधं आहे. श्राद्धात पिंड द्यायचा तर बाप, आजोबा, पणजोबा लागतात, तशाच आई, आजी, पणजीही लागतात, शिवाय आईच्या माहेरचे. नाव माहीत नसेल तर विधी अडतो. म्हणून उपाध्ये लिहून ठेवतो. शिवाय यजमान कुठे राहायला गेला हेही लिहितो, कारण यजमान हरवला तर त्याचं उत्पन्न गेलं. आपल्या भाषेत सांगायचं तर चक्क सीआरएम! आणि पिढ्यान्‌पिढ्या अपडेट होणारं.

हे सगळ्यांच्या नशिबी नाही, हेही सांगायला हवं. पंढरपूरचं देऊळ दलितांना खुलं व्हायला १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली नाही त्यांच्या पणज्या इथल्या वहीत कशा असतील? माझी एक मैत्रीण ईटच्या शेजारच्याच गावातली. तिची शोधाशोध आजोबांच्या पुढे जात नाही.

धाकलीच्या घराचं पान वेगळं होतं. तिथे शेवटची नोंद १९९१ ची. मुलगा वडिलांच्या अस्थी घेऊन आलेला. खाली त्याची सही, आणि उपाध्येकाकांच्या वडिलांच्या अक्षरात एक ओळ: मूळ गाव ईट, तालुका भूम, हल्ली मुक्काम भोसरी, पुणे. कंसात, पुण्यात गावाच्या नावाला ‘कर’ लावतात.

गावात राहणाऱ्याला गावाचं आडनाव लागत नाही. ईटमध्ये सगळेच ईटचे, मग कोण कोणाला ‘कर’ म्हणणार? बाहेर पडल्यावरच माणूस ‘कर’ होतो. दुसऱ्या गावात त्याला हाक मारायला काहीतरी लागतं. म्हणून जुन्या आडनावाने शोधून ते कधीच सापडले नसते.

आणि भोसरी! माझं ऑफिस कल्याणीनगरला. ट्रॅफिक नसेल तर अर्धा तास. पन्नास वर्षं आजी ज्या बहिणीला ‘पुण्या-मुंबईकडं’ शोधत होती तिचं घर आमच्या घरापासून तीस किलोमीटरवरही नव्हतं.

चक्कीवाल्याला विचारा

पत्ता म्हणून फक्त वस्तीचं नाव होतं. पिठाच्या गिरणीत विचारायचं ही आजीची टिप. गिरणीवाला सगळ्या घरांना ओळखतो. बरोबर निघाली. तिसऱ्या गिरणीत पत्ता लागला.

दार उघडलं ते धाकलीच्या थोरल्या मुलाने. वडिलांचे मावसभाऊ, म्हणजे माझे काकाच. एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलं, आता रिटायर. समोरच्या भिंतीवर चंदनाच्या हारातला फोटो. धाकली २०११ मध्ये गेली होती. नाक अगदी आजीचं.

मला वाटलं होतं रडारड होईल. तसं काही झालं नाही. काकूंनी पोहे टाकले. काका बराच वेळ माझ्याकडे बघत होते, मग म्हणाले, ‘ईटचा तलाव भरतो का?’ तो पाझर तलाव दुष्काळी कामात बांधलेला. त्यांच्या आईने आणि वडिलांनी त्यावर खडी फोडली, मातीच्या पाट्या वाहिल्या. नंतर त्याच तलावाचं पाणी जवळच्या रानांना लागलं. त्यांनी विकलेल्या पावणेदोन एकरालाही.

जमिनीचा विषय मीच काढला, कारण न काढता पोहे गिळवेनात. काका म्हणाले, ‘तुझ्या आजोबांनी घेतली म्हणून आमच्या गाडीभाड्याला आणि पहिल्या खोलीच्या डिपॉझिटला पैसे झाले. भाव दुष्काळाचा दिला, हेही खरंय. आई म्हणायची, ताईकडं जायचं तर काहीतरी घेऊन जावं. रिकाम्या हाताने कसं जायचं? ते घेऊन जाणं राहूनच गेलं.’

मग त्यांनी एक प्लास्टिकची पिशवी आणली. त्यात रेशनकार्ड, व्होटर कार्ड, जुनी लाइटबिलं. त्यांची नात बारावी सायन्सला आहे, इंजिनीअरिंगला जायचंय. तिला ओबीसीचा जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी हवी. त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, घराण्यातल्या कोणाचा तरी. यांच्याकडे सगळं होतं, पण १९७३ नंतरचं. जमीन गेली तेव्हा कागदही गेला. पुण्यात पन्नास वर्षं राहूनही पुण्यातला एकही कागद त्या तारखेच्या अलीकडचा होता, पलीकडचा नव्हता. ‘गावाकडचा काही कागद निघंल का गं?’

एका खोलीत बसून मला दादाची फाइल आठवली. तिकडे न्यूजर्सीला जायला ईटचा कागद, इकडे भोसरीतून कॉलेजला जायला ईटचा कागद. फरक एवढाच की दादाकडे वकिलीणबाई होत्या.

‘काका, तुम्ही गावात शाळेत होता का?’

‘होतो की. सातवीपर्यंत. गुरुजींनी जन्मतारीख पण दिली होती,’ ते हसले. ‘१ जून १९५८!’

पुढच्या शनिवारी मी ईटला. शाळेचं जुनं प्रवेश-निर्गम रजिस्टर कपाटाच्या तळाशी होतं, कडा वाळवीने खाल्लेल्या, पण आतली पानं शाबूत. प्रवेशाची तारीख जून १९६५. जातीचा रकाना भरलेला. सदुसष्टच्या दोन वर्षं आधीचा! मुख्याध्यापकांनी उतारा देतो म्हटलं. मी मोबाइलवर फोटो काढला आणि मग नजर शेवटच्या रकान्यावर गेली: शाळा सोडल्याचे कारण. फेब्रुवारी १९७३ ची तारीख आणि गुरुजींच्या वळणदार अक्षरात तीन शब्द, ‘गाव सोडून गेले’. सातबारा, फेरफार, खासरा या सगळ्यांत जे नव्हतं ते एका मास्तरांनी लिहून ठेवलं होतं.

त्या पानावर तसे शब्द एकदाच नव्हते. त्याच महिन्यात आणखी नऊ मुलांपुढे तेच कारण आहे.

आजी आणि भोसरीच्या काकांची भेट पंधरा दिवसांनी झाली, आमच्या घरी. त्यांनी येताना दोन किलो पेढे आणले. आजीने ते हातात घेतले आणि आधी ‘जेवलास का?’ विचारलं. जमिनीचं दोघांपैकी कोणी काढलं नाही. माझ्या बाबांच्या मनात काहीतरी आहे, ते आणि काका अलीकडे फोनवर दार लावून बोलतात. ठरलं की कळेल. नातीची फाइल पडताळणी समितीकडे गेलीय. दादाच्या काका-काकूंचीही फाइल मुंबईच्या मुलाखतीच्या तारखेसाठी थांबलीय.

फायलीला वंशावळ जोडावी लागते. सरकारी नमुन्यात फक्त बापाकडून बापाकडे जाणारी रेघ चालते, ती दिली. दुसरी मी स्वतःसाठी एक्सेलमध्ये केलीय, पंढरपूरच्या वहीवरून, बायकांसकट. तिच्यात आजीच्या माहेरची बाजू अजून अर्धी आहे. त्यांचे उपाध्ये वेगळे, ते शोधायचेत. परवा आजीलाच विचारलं, तुझ्या आजीचं नाव काय? तिने खूप आठवून बघितलं.

‘तिला समदी थोरलीच म्हणायची.’

मी तेच टाइप केलं.